‘मत देऊ नका!’ असे कोणी म्हणाले तर?

घरातले लहान मूल ताटावर रुसून बसले की आई काय करते? आधी समजावते, मग रागावते, आणि शेवटी ठेवणीतली युक्ती काढते. ‘‘नको जेवूस. तुझा वरणभात आता दादाच खाणार!’’ एवढे म्हणायचा अवकाश, मूल ताट स्वतःकडे ओढून घेते. जे हवे ते मागायचे नाही, त्याच्या उलट सांगायचे आणि समोरच्याने ईर्ष्येने आपल्या मनासारखे करावे, अशी ही युक्ती. आमच्या आया-बहिणींना ती कोणत्याही पुस्तकावाचून येते. शिकलेले लोक तिला ‘रिव्हर्स सायकॉलॉजी’, म्हणजे उलटे मानसशास्त्र म्हणतात.

ही युक्ती मोठ्या माणसांवर चालते का? तीही मतदानासारख्या गोष्टीत? प्रश्न गमतीचा वाटेल. पण त्यामागे एक गंभीर प्रश्न दडलेला आहे, आणि कष्टकऱ्यांच्या वस्तीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो समजून घेणे अगत्याचे आहे. म्हणून या अंकात आम्ही थोडे अमेरिकेत जाऊन येणार आहोत. हा प्रयोग सर्वांत गाजावाजाने तिथेच झाला, आणि मताचा हक्क मारला जाण्याचा अनुभव तिथल्या कृष्णवर्णीय बांधवांइतका फार थोड्यांना आला असेल.

नटनट्यांचा उलटा उपदेश

२००८ सालची गोष्ट. अमेरिकेत ओबामा आणि मॅकेन यांच्यात अध्यक्षपदाची लढत चालू होती. मतदानाला महिनाभर राहिला असताना एक चित्रफीत सगळीकडे फिरू लागली. ‘टायटॅनिक’ चित्रपटाचा नायक लिओनार्डो डिकॅप्रिओ, अभिनेत्री हॅले बेरी असे नामांकित चेहरे एकामागून एक पडद्यावर येतात आणि सांगतात, मत देऊ नका. कशाला द्यायचे? एका मताने काय होते? थोड्या वेळाने सूर बदलतो. मुलांच्या शाळेची, आजारपणाची, नोकरीची, युद्धाची तुम्हाला काही फिकीर नसेल तरच मत देऊ नका, असे ते म्हणू लागतात. आणि शेवटी खरे बोलणे येते: नाव नोंदवा, मत द्या आणि आणखी पाच मित्रांना सांगा.

दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, तोच डाव नव्या रूपात आला. या वेळी पडद्यावर म्हातारे लोक होते. खाऊनपिऊन सुखी. ते तरुणांना खवचटपणे सांगत होते की, पोरांनो, मत देऊ नका, आमचे छान चालले आहे. हवामान बिघडेल तेव्हा आम्ही काही इथे नसू. तरुणांना राग यावा आणि रागाच्या भरात त्यांनी केंद्र गाठावे, हा हेतू.

आपल्या देशातही याच्या जवळपासचा प्रकार झाला. २००८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत तिथल्या निवडणूक कार्यालयाने त्या काळी गाजलेल्या एका सिनेगीताचा आधार घेऊन ‘पप्पू’ नावाचे पात्र काढले. पप्पूकडे सगळे काही आहे, पण पप्पू मत देत नाही, अशी ती थट्टा. तुम्ही पप्पू होऊ नका, हा त्यातला टोमणा.

मग गुण आला का?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ साली एक सिद्धांत मांडला. माणसाचे स्वातंत्र्य कोणी हिरावू पाहिले की त्याचे मन उसळते, आणि जे नाकारले जाते तेच त्याला अधिक हवेसे वाटते. उलट्या जाहिरातीची सारी मदार या उसळीवर आहे.

इथे एक गोम आहे. मूल ताट का ओढते? भात आपला आहे आणि दादा तो खरोखर खाऊन टाकील, हे त्याला ठाऊक असते म्हणून. ज्याला भूकच नाही, किंवा तो भात आपला आहे असे ज्याला कधी वाटलेच नाही, त्याला ‘‘नको खाऊस’’ म्हटले तर तो ‘‘बरं’’ म्हणून उठून जाईल. मताचेही तसेच आहे. आपल्या मताला किंमत आहे हे ज्याच्या मनात आधीच पक्के आहे, त्यालाच हा टोमणा लागतो. ज्याचा विश्वास उडाला आहे, तो म्हणतो, ‘‘खरं आहे. तुम्हीही तेच म्हणताय.’’

आकडे काय सांगतात? अमेरिकेत २०१४ च्या मधल्या निवडणुकीत १८ ते २९ वयाच्या तरुणांपैकी २० टक्क्यांनी मत दिले होते. २०१८ मध्ये ३६ टक्क्यांनी दिले. जाहिरातवाले म्हणतील, पाहा, गुण आला! पण त्या वर्षी सर्वच वयाच्या लोकांचे मतदान वाढले होते, ज्यांना म्हाताऱ्यांनी टोमणे मारले नव्हते त्यांचेही. दिल्लीतही मतदान २००३ च्या सुमारे ५३ टक्क्यांवरून २००८ मध्ये ५७ टक्क्यांच्या पुढे गेले. ते पप्पूमुळे की चुरशीमुळे, हे त्या आकड्यावरून कसे ठरवणार? कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला, असे म्हणण्यासारखे ते होईल.

खरी परीक्षा वेगळी असते. समजा एका चाळीतल्या अर्ध्या घरांना, चिठ्ठ्या टाकून निवडून, पत्र पाठवले आणि उरलेल्या अर्ध्यांना पाठवले नाही. मतदानानंतर दोन्हींची नोंद ताडून पाहिली. फरक दिसला तर तो पत्राचा. उलट्या जाहिरातींच्या गाजावाजामागे असा तोलून पाहिलेला पुरावा उभा नाही. मात्र साध्या, सरळ उपायांची अशी परीक्षा अनेकदा झाली आहे, आणि तिचे निकाल डोळे उघडणारे आहेत.

दारावरची थाप

१९९८ साली न्यू हेवन या शहरात ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या दोन प्राध्यापकांनी सुमारे ३० हजार मतदारांवर प्रयोग केला. काहींच्या दारी माणूस पाठवला, काहींना टपालाने पत्रे धाडली, काहींना पगारी लोकांकडून फोन केले. फोनचा उपयोग झाला नाही. पत्रांचा अगदी किंचित झाला. पण ज्यांच्याशी दारात उभे राहून कोणी समोरासमोर बोलले, त्यांच्यातले मतदान आठ-नऊ टक्क्यांनी वाढले.

पुढे २००६ मध्ये मिशिगन राज्यात याहून मोठा प्रयोग झाला. त्यात १ लाख ८० हजार कुटुंबे होती. ज्यांना काहीच पाठवले नाही त्यांच्यातले मतदान २९.७ टक्के झाले. ‘मत देणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे’ असा उपदेश ज्यांना गेला, त्यांचे ३१.५ टक्के. आणि ज्यांच्या पत्रात त्यांनी व शेजाऱ्यांनी मागच्या खेपेला मत दिले होते की नाही हे छापून, या वेळचीही नोंद कळवू असे लिहिले होते, त्यांचे ३७.८ टक्के. तिथे मत कोणाला दिले हे गुप्त असते. मत दिले की नाही, ही नोंद कोणालाही पाहता येते. शेजारी पाहत आहेत एवढ्या जाणिवेने आठ टक्के माणसे उठून गेली. अर्थात असे पत्र पाहून पुष्कळांना रागही आला. आपल्या चाळीत कोणी अशी यादी लावली तर नळावर भांडणे होतील! तेव्हा त्यातला धडा घ्यावा, यादी घेऊ नये.

आणखी एक प्रयोग आम्हाला फार मोलाचा वाटतो. २००८ साली पेनसिल्व्हेनिया राज्यात पक्षांतर्गत निवडणुकीच्या वेळी मतदारांना फोन करून तीन साधे प्रश्न विचारले: किती वाजता जाणार? कुठून निघणार? त्याआधी काय करत असाल? उपदेश नाही, टोमणा नाही. ज्या घरात एकच मतदार होता, तिथे या प्रश्नांनी मतदान नऊ टक्क्यांनी वाढले. ज्या घरात अनेक मतदार होते, तिथे काही फरक पडला नाही. कारण भरल्या घरात ‘‘चला, जेवणं उरकली की जाऊन येऊ’’ असे कोणीतरी म्हणतेच. एकट्या माणसाला असे विचारणारे कोणी नसते.

निंदेचाही उलटा परिणाम होतो. ॲरिझोना राज्यात एक जुने वन आहे; तिथल्या झाडांचे युगायुगांत दगड झाले आहेत. लोक त्याचे तुकडे खिशात घालून नेत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाटेवर खुणेचे तुकडे ठेवून दोन पाट्यांची परीक्षा घेतली. एका पाटीवर होते की अनेक लोकांनी लाकूड नेल्यामुळे वनाची हानी झाली आहे. दुसऱ्या पाटीवर फक्त ‘नेऊ नका’ अशी विनंती होती. पहिल्या पाटीजवळून जवळजवळ ८ टक्के तुकडे चोरीला गेले, दुसरीजवळून २ टक्क्यांहूनही कमी. ‘सगळेच नेतात’ हे वाचले की माणूस म्हणतो, मग मीच का मागे राहू? आता आपल्या सभांमधले भाषण आठवा. ‘‘आपले लोक मतदानाला जातच नाहीत!’’ असे व्यासपीठावरून कडाडून सांगणारा वक्ता नकळत तीच पहिली पाटी लावत असतो.

जेव्हा ‘मत देऊ नका’ हे खरेच असते

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. डिकॅप्रिओ ‘मत देऊ नका’ म्हणतो तेव्हा प्रेक्षक हसतो, कारण ही थट्टा आहे हे त्याला कळते. पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना हेच शब्द पिढ्यान् पिढ्या खरोखरीच ऐकवले गेले होते.

मिसिसिपी राज्यात फॅनी लू हेमर नावाची बाई होती. वीस भावंडांत धाकटी, सहाव्या वर्षापासून कापूस वेचणारी. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी ती काही सोबत्यांबरोबर बसने तालुक्याच्या गावी मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली. तिथे वाचन-लेखनाच्या नावाखाली कायद्याचे अवघड प्रश्न विचारून तिला नापास केले. ती परत येते तोच मळ्याचा मालक दारात हजर. अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. अठरा वर्षे ज्याच्या मळ्यात राबली, त्याला तिने सांगितले की मी नोंदणीला गेले ती तुमच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. त्याच रात्री तिला घर सोडावे लागले. पुढच्या वर्षी तुरुंगात तिला जबर मारहाण झाली. पण तिने नाव नोंदवलेच, आणि इतरांचीही नोंदवीत फिरली.

७ मार्च १९६५ रोजी सेल्मा गावच्या पुलावर मताचा हक्क मागणाऱ्या मोर्चावर पोलिसांनी काठ्या चालवल्या. त्याच वर्षी ६ ऑगस्टला मतदान हक्काचा कायदा झाला. त्याआधी मिसिसिपीत नोंदणी झालेले कृष्णवर्णीय जेमतेम ६.७ टक्के होते. १९६७ पर्यंत ते ५९.८ टक्के झाले. ही माणसे आळशी नव्हती. त्यांची वाट अडवून ठेवलेली होती.

काठी गेली, पण ‘मत देऊ नका’ गेले नाही. ते गोड बोलू लागले. २०१० साली नेवाडा राज्यात स्पॅनिश भाषिक स्थलांतरितांसाठी एक जाहिरात तयार झाली. पुढाऱ्यांनी तुम्हाला दिलेला शब्द पाळला नाही, तेव्हा मत न देऊन त्यांना धडा शिकवा, असा तिचा आशय. जाहिरात करणारे होते विरुद्ध पक्षाच्या विचाराचे. त्या भाषेच्या मोठ्या वाहिनीने, युनिव्हिजनने, ती दाखवायला नकार दिला.

२०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तर कमाल झाली. मोबाइलवर कृष्णवर्णीय चळवळीच्या नावाने पाने उघडली गेली. एकाचे नाव ‘वोक ब्लॅक्स’, म्हणजे जागे झालेले कृष्णवर्णीय. पानांवर अन्यायाच्या बातम्या, वीरांचे फोटो, अभिमानाची वचने. आणि मतदान जवळ आल्यावर एक सल्ला: दोन्ही उमेदवार वाईटच, त्यापेक्षा मत न दिलेले बरे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी आरोपपत्र दाखल केले तेव्हा कळले की ही पाने रशियातील एका संस्थेतून चालवली जात होती. २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘चॅनेल फोर’ वाहिनीने वृत्त दिले की, २०१६ च्या ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेच्या यादीत सुमारे ३५ लाख कृष्णवर्णीय मतदारांपुढे ‘यांना परावृत्त करावे’ अशा अर्थाचा शेरा होता. कृष्णवर्णीयांचे मतदान २०१२ मध्ये ६६ टक्क्यांच्या वर होते, ते २०१६ मध्ये ६० च्या खाली आले. हे केवळ त्या पानांमुळे झाले असे आम्ही म्हणणार नाही; ओबामा उमेदवार नव्हते, इतरही कारणे होती. पण एक गोष्ट उघड आहे. ज्याच्या मताची खरोखर भीती वाटते, त्यालाच घरी बसवण्यासाठी कोणी पैसा खर्च करतो.

थट्टेतले ‘मत देऊ नका’ आणि कपटातले ‘मत देऊ नका’ यांचे शब्द एकच आहेत. फरक ओळखायला एकच कसोटी: हे बोलतो कोण, आणि मी घरी बसलो तर फायदा कोणाचा?

आपला वारसा

कृष्णवर्णीयांचे दुःख आपल्याला परके नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य नोंदवले होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावच तिथल्या ब्लॅक पँथरवरून घेतले.

आणि मताचे म्हणाल तर, १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. त्या काळी मत होते ते मालमत्ता, सारा आणि शिक्षण असलेल्यांना. ज्याच्याजवळ यांतले काहीच नाही त्याला मताची गरज सर्वांत जास्त, ही त्यांची भूमिका. संविधानाच्या कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढाला मत दिले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत निरक्षर शेतमजूर बाईसुद्धा कायद्याने मतदार होती. तेव्हा फॅनी लू हेमरला अजून दहा वर्षे नोंदणीच्या दारात जायचे होते.

म्हणूनच आम्हाला वाटते की आपल्या वस्तीत टोमण्याच्या जाहिरातीने फारसे साधणार नाही. इथला माणूस मत देत नसेल तर तो पप्पू नसतो. त्याचे नाव यादीतून गळालेले असते, झोपडी तुटून तो दूर संक्रमण शिबिरात गेलेला असतो, नाक्यावर गेला नाही तर त्या दिवसाची चूल पेटत नसते. किंवा पाच वर्षांतून एकदा हात जोडणाऱ्यांना पाहून त्याचे मन विटलेले असते. त्याला हिणवून काय होणार?

आपल्या हातातले

मग काय करावे? वर सांगितलेल्या प्रयोगांतून निघणाऱ्या गोष्टी बिनखर्चाच्या आहेत, आणि महिला मंडळाला, तरुण मुलांना सहज जमणाऱ्या आहेत.

पहिली गोष्ट, निवडणुकीच्या बऱ्याच आधी घरातल्या प्रत्येकाचे नाव यादीत आहे का ते पाहावे. नवे नाव घालायला नमुना ६ आणि पत्ता बदलला असेल तर नमुना ८ भरावा. १९५० या क्रमांकावर फोन करून चौकशी करता येते. अठरा पूर्ण झालेल्या मुलीचे नाव ‘‘लग्नानंतर सासरीच घालू’’ म्हणून अडवून ठेवू नये.

दुसरी, मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी मिळण्याचा हक्क लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब मध्ये आहे. दुकानात, कारखान्यात रोजंदारीवर असणाऱ्यालाही तो लागू आहे. मालकाला हे आठवडाभर आधीच, दोघा-चौघांनी मिळून सांगावे.

तिसरी, शेजारच्या एकट्या म्हातारीला, खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला, विधवा बहिणीला आदल्या दिवशी विचारावे: ‘‘मावशी, उद्या किती वाजता निघायचं? मी येऊ का न्यायला?’’ कोणाला मत द्यायचे हे विचारू नये. तो ज्याचा त्याचा प्रश्न.

चौथी, ‘‘आपले लोक जात नाहीत’’ हे रडगाणे बंद करावे. सकाळी रांगेत आपल्या किती आया-बहिणी उभ्या होत्या, ते सांगावे. शाई लागलेले बोट मुलांना दाखवावे.

आणि पाचवी, मोबाइलवर कोणी निळा झेंडा लावून, बाबासाहेबांचा फोटो लावून ‘या वेळी मतच देऊ नका’ असे लिहिले, तर पुढे पाठवण्याआधी थांबावे. हा कोण? कुठला? वस्तीत पाणी तुंबले तेव्हा हा कुठे होता? राग खरा असेल, कारणेही खरी असतील. पण त्या रागावर दुसऱ्याची पोळी भाजली जाऊ नये.

मुलाला जेवू घालायला आईची उलटी युक्ती ठीक आहे. मूल मोठे झाले की ती चालत नाही. मग जवळ बसून सरळ बोलावे लागते, सोबत चालावे लागते. मिसिसिपीतली ती कापूस वेचणारी बाई गावोगाव हेच करीत फिरली. आपल्या चाळीतले तीन जिने चढून एका म्हातारीला हाताला धरून केंद्रापर्यंत नेणे, एवढे तर आपल्याला नक्कीच जमेल.